सॅन अँजेलोजवळच्या रँचवर तीन दिवस कायोटी कॉलिंग: पहिल्यांदाच जाताय तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅलसमधे नोकरी, एच-वन-बी व्हिसा, ऑफिसमधल्या मित्राच्या काकांचं सॅन अँजेलोच्या दक्षिणेला साधारण ६,००० एकरांचं मेंढ्या-शेळ्यांचं रँच, जानेवारीच्या शेवटी तीन दिवस तिघं जण कायोटी कॉलिंगला जाणार (कायोटी म्हणजे इथला कोल्ह्या-लांडग्यासारखा रानटी प्राणी, त्याला सशाचे वगैरे आवाज वाजवून जवळ बोलवायचं आणि मारायचं), आणि तुम्ही आजवर बंदूक हातात धरलेली नाही. कॉल, म्हणजे ते आवाज काढायचं साधन, कुठला घेऊ, रायफल कुठली, आणि मुळात जाऊ का, असं विचारलंय. मी वेस्ट टेक्सासमधे बरीच वर्षं हे करतोय आणि जास्त करून मेंढीवाल्यांच्याच रँचवर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉल आणि रायफलचं उत्तर दोन-चार ओळीत संपतं. तीन दिवसांची ट्रिप जमते की फसते ते ठरतं तुम्ही जमीन कशी वापरली यावर, म्हणजे कुठल्या बाजूने शिरलात, वारा कुठला होता, आणि एकाच तुकड्यावर किती वेळा बसलात. त्यामुळे माझा भर त्यावरच राहील.

पण आधी कायद्याचं, कारण तुमच्या व्हिसावर हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि आपल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, म्हणजे एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, स्टुडंट सगळे आले, बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. "बाळगणं" यात मित्राची रायफल पाच मिनिटं हातात घेणंही येतं, रेंजवर भाड्याने घेणंही येतं. याला जे अपवाद आहेत त्यातला तुमच्या कामाचा म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं मुदतीतलं हंटिंग लायसन्स पाहिजे. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग रेंजवर सराव, मग ट्रिप. टेक्सासमधे २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हा कोर्स लागतो, १७ वर्षं आणि त्यावरच्यांना पूर्ण ऑनलाइन करता येतो. एकदाच मिळणारी सवलत घेऊन कोर्स पुढे ढकलता येतो, पण तुम्ही नवीन आहात तर ती वाट धरू नका, कोर्स करूनच घ्या. लायसन्स टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचं, ते ३१ ऑगस्टला संपतं, आणि सलग सहा महिन्यांच्या वर टेक्सासमधे राहत असाल तर रेसिडेंटचं मिळतं. काही शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा, ते पैसे वाया जात नाहीत. आणि अजून एक, तिघांपैकी कोणी गांजाच्या गमी वगैरे घेत असेल, मग ते जिथे घेतो तिथे कायदेशीर का असेना, फेडरल कायद्याने त्याला बंदूक चालत नाही. त्याला सोबत नेऊच नका.

कायोटीबद्दल टेक्सासचा नियम सोपा आहे. तो नॉन-गेम प्राणी धरला जातो, सीझन नाही, संख्येची मर्यादा नाही, खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने दिवसा-रात्री कधीही चालतं. सार्वजनिक रस्त्यावरून गोळी चालत नाही. कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर त्याचा अर्थ "आत येऊ नका" असाच आहे, टेक्सासमधे कायद्याने त्याला पाटीइतकीच किंमत आहे. शेजारच्या रँचमधे जखमी कायोटी पळाला तरी त्या मालकाला विचारल्याशिवाय तार ओलांडायची नाही.

आता जाऊ का, याबद्दल. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे आपल्या पिढीला हे सगळं परकं वाटतं आणि मनात प्रश्न येणं बरोबरच आहे. त्या काकांच्या बाजूने एकदा बघा. आपल्याकडे धनगर रात्री वाघर लावून मेंढ्या आत घेतो आणि स्वतः कुत्र्यांबरोबर तिथेच झोपतो. इथे मेंढ्या आणि शेळ्या शेकडो एकरांच्या पाश्चरमधे, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणात, रात्रंदिवस मोकळ्या असतात, माणूस फिरकतो तो दिवसातून एकदा पिकअप घेऊन. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत कोकरं आणि करडं जन्माला येतात, आणि नेमकं तेव्हाच कायोटीला खायला जास्त लागतं कारण त्याची पिल्लं एप्रिल-मेमधे होतात. मेलेलं कोकरू मी रँचवाल्याबरोबर सोलून बघितलेलं आहे. वरून फार काही दिसत नाही, पण गळ्याची कातडी, जबड्याच्या खालची, मागे ओढली की आतल्या बाजूला सुळ्यांची भोकं आणि काळंनिळं साकळलेलं रक्त दिसतं. जिवंतपणी धरलं असेल तरच तसं साकळतं. मेल्यावर येऊन खाल्लं असेल तर साकळत नाही. मोकाट कुत्र्याचं काम वेगळं असतं, तो कान, मांड्या, कुशी सगळीकडे फाडतो आणि बऱ्याचदा खातही नाही. हे बघितल्यावर रँचवाला का बोलावतो ते कळतं.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, तुम्ही तिघं तीन दिवस गेल्याने त्या भागातले कायोटी कमी होणार नाहीत. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी गणित मांडलं होतं, त्यात दरवर्षी ७५ टक्के कायोटी काढले तरी ते संपायला ५० वर्षांच्या वर लागतात असं आलं, कारण संख्या घटली की उरलेल्या माद्या जास्त पिल्लं देतात आणि बाहेरून तरुण नर-माद्या येऊन जागा भरतात. पण दुसरीही बाजू आहे. कॅलिफोर्नियातच हॉपलंडला रेडिओ कॉलर लावून जो अभ्यास झाला त्यात मेंढ्या मारणारे बहुतेक आपापला इलाखा धरून बसलेल्या, पिल्लं वाढवणाऱ्या जोड्यांपैकी निघाले. म्हणजे कोकरांचा सीझन सुरू व्हायच्या जरा आधी, त्याच पाश्चरच्या आसपासची जोडी काढली तर त्या रँचवाल्याला त्या वर्षी खरंच फायदा होतो. जानेवारीचा शेवट म्हणूनच योग्य वेळ आहे. काकांना पहिल्याच दिवशी विचारा की कोकरं कुठल्या पाश्चरमधे होणार, गेल्या वर्षी नुकसान कुठे झालं, आणि तीन दिवसांचा बहुतेक वेळ त्याच बाजूला द्या.

आता जमिनीचा हिशोब. ६,००० एकर ऐकायला प्रचंड वाटतं, पण ६४० एकरांचा एक चौरस मैल, म्हणजे सगळं मिळून सव्वानऊ-साडेनऊ चौरस मैल. शांत, थंड सकाळी ई-कॉलरचा, म्हणजे बॅटरीवर कॉल वाजवणाऱ्या यंत्राचा, आवाज मैलभर सहज जातो. दोन स्टँडमधे, म्हणजे बसून कॉल वाजवायच्या जागांमधे, पाऊण मैल तरी अंतर ठेवायचं म्हटलं तर त्या रँचवर जेमतेम बारा-पंधरा जागा बसतात, आणि त्यातल्या अर्ध्याच त्या दिवशीच्या वाऱ्याला चालतात. नवीन माणूस पहिल्या दिवशी उत्साहात दहा जागी बसतो, कसंही शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं रँच वाजवून संपलेलं असतं. ज्या कायोटीने आवाज ऐकला, जवळ आला, माणसाचा वास घेतला आणि वाचला, तो त्या आवाजाला बराच काळ परत येत नाही. त्याच्यावर गोळी चुकली तर अजूनच. म्हणून माझा पक्का नियम आहे की दिवसाला सहाच्या वर स्टँड नाहीत, आणि एका जागी त्या ट्रिपमधे एकदाच. वारा चुकीचा असेल तर सगळ्यात चांगली जागा सोडून द्यायची, उद्यासाठी ठेवायची. मन होत नाही, पण सोडायची.

पहिल्या दिवशी दुपारी पोचलात की बंदूक गाडीतच राहू द्या (झीरो, म्हणजे रायफलचा नेम ठरलेल्या अंतराला बरोबर बसलाय का, तो तपासायचा तेवढा काकांना विचारून एका कोपऱ्यात तपासून घ्या) आणि काकांबरोबर पिकअपमधून सगळं रँच फिरा. कुठलं गेट कुठे, कुठलं बंद ठेवायचं, शेजाऱ्याचं घर कुठल्या दिशेला, गुरं-मेंढ्या आज कुठे आहेत. गेट जसं मिळेल तसंच सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद, यात डोकं चालवायचं नाही. मेंढीपट्ट्यातली कुंपणं नेट-वायरची, म्हणजे जाळीची असतात, कायोटी त्याच्या खालून सरपटतो. कुंपणाच्या कडेने चाललात की अशा जागा सापडतात: तारेखाली एक गुळगुळीत झालेला खड्डा, रुंदी साधारण वीतभर-दीडवीत, आणि जाळीच्या खालच्या तारेला अडकलेले करडे-पिवळट केस, टोकाला काळे. केस ताजे असतील तर वाऱ्यावर भुरभुरत असतात, जुने असतील तर धूळ बसून चिकटलेले. त्या खड्ड्यावर कोळ्याचं जाळं असेल तर तो रस्ता सध्या बंद आहे. हे खड्डे आणि पाण्याच्या टँकांभोवतीचे ठसे नकाशावर मारून ठेवा. ठसा कुत्र्यापेक्षा अरुंद, लांबट, पुढच्या दोन नख्या एकमेकींजवळ. विष्ठा रस्त्याच्या मधोमध, बहुतेक केसांनी भरलेली.

अंधार पडला की रँचच्या रस्त्यावरून दोन-तीन उंच जागी थांबून एकदाच लांब हाऊल, म्हणजे कायोटीची आरोळी, वाजवा आणि पाच मिनिटं गप्प ऐका. उत्तर आलं तर दिशा नकाशावर. किती आहेत ते आवाजावरून मोजायला जाऊ नका, दोन कायोटी मिळून असे सूर बदलतात की आठ-दहा असल्यासारखे वाटतात. आपल्याला दिशा हवी, बाकी काही नको. सकाळचा पहिला स्टँड त्या दिशेला, पण त्यांच्या डोक्यावर नाही, अर्धा मैल अलीकडे.

वारा हेच सगळं आहे. कायोटी आवाजाकडे सरळ पळत येतो खरा, पण शेवटच्या शे-दोनशे यार्डात बहुतेक वेळा वळसा घालून आवाजाच्या जागेचा वास जिकडे जातो त्या बाजूला जातो, खात्री करून घ्यायला. म्हणजे तो कुठे जाणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. त्यामुळे जागा अशी निवडायची की आपला वास ज्या बाजूला वाहतोय तिथे मोकळी जमीन असेल, आणि तिथपर्यंत यायच्या आधीच तो तुम्हाला दिसेल. ई-कॉलर स्वतःजवळ ठेवू नका, चाळीस-पन्नास यार्ड वाऱ्याच्या आडव्या दिशेला ठेवा, म्हणजे त्याचं लक्ष तिकडे राहतं. टाल्कम पावडरीसारखी बारीक पूड भरलेली छोटी बाटली खिशात ठेवा आणि बसायच्या आधी दाबून बघा, कारण ओढ्याच्या काठाला, टेकडीच्या उतरणीला वारा वेगळाच वळलेला असतो, फोनवरचं हवामान तिथे कामाचं नाही. वारा ताशी पंधरा मैलांच्या वर गेला की मी उठतो, गाडी काढतो आणि कुंपणं बघायला जातो.

त्या भागात जानेवारीत नॉर्दर येतो, उत्तरेचा थंड वारा, दोन-चार तासात तापमान धाडकन खाली. त्या दिवशी काही होत नाही. पण तो गेल्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ, आकाश स्वच्छ, गवतावर दव गोठलेलं, वारा जेमतेम, ती सकाळ वाया घालवू नका, रँचमधली सगळ्यात चांगली जागा तिच्यासाठी राखून ठेवा. तिथे जानेवारीत सूर्य साधारण पावणेआठला उगवतो, त्यामुळे फार मध्यरात्री उठावं लागत नाही.

स्टँडवर जायचं कसं, यावर लोक लक्षच देत नाहीत. गाडी टेकडीच्या मागे किंवा झाडोऱ्यात, बसायच्या जागेपासून तीन-चारशे यार्ड तरी लांब. दार आपटायचं नाही, ढकलून लावायचं. किल्ली, काडतुसं, कॉलरचा पट्टा काही खुळखुळायला नको. बोलणं बंद, हाताने खुणा. आकाशाच्या रेषेवर चालायचं नाही, उतारावरून कडेने जायचं. बसायचं ते झुडपाच्या मागे नाही, झुडपाच्या पुढे, पाठ झुडपाला लावून, सावलीत, आणि सूर्य शक्यतो पाठीमागे. तिथलं झाड म्हणजे मेस्कीट, आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं, काटेही तसेच, आणि खाली निवडुंग. फोमची गादी न्या, बसायच्या आधी जमीन बुटाने साफ करा, आणि खिशात एक चिमटा असू द्या. निवडुंगाचे केसासारखे बारीक काटे हाताने निघत नाहीत.

तिघं आहात तर कामं वाटून घ्या. एक जण कॉलर चालवणार आणि तोच त्या स्टँडचा मालक, तो म्हणेल तेव्हा उठायचं. एक रायफलवाला मधे. शॉटगनवाला, जो अनुभवी असेल तोच, आपला वास वाहतोय त्या बाजूला. तिघं एका रेषेत, एकमेकांना दिसतील असे, आणि प्रत्येकाची दिशा आधीच ठरलेली: तुझी त्या वाळक्या झाडापासून पवनचक्कीपर्यंत, माझी पवनचक्कीपासून कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. कायोटी आपल्या हद्दीबाहेर गेला तर तो आपला नाही, नळी दुसऱ्यावरून कधीही फिरवायची नाही, कितीही जवळ असला तरी. आपण जागेवर बसल्यावरच गोळी चेंबरमधे जाईल, आणि उठायच्या आधी निघेल. गाडीत चेंबर रिकामं.

आवाजांबद्दल लोक उगाच डोकं खपवतात. मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी १९५०च्या दशकात टेक्सासभर तोंडाने वाजवायचे कॉल विकले, तेव्हा एक सशाचं रडणं एवढ्यावर लोकांचं भागत होतं. आज फॉक्सप्रो, लकी डक वगैरेंच्या यंत्रात शेकडो आवाज असतात. पहिल्यांदा भाड्याने किंवा मित्राचं घ्या, आणि गळ्यात एक साधा ओपन-रीड तोंडाचा कॉल असू द्या, बॅटरी गेली तर तोच. मी बसल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच वाजवत नाही, जागा शांत होऊ देतो. मग उंदराची चिवचिव अगदी हळू आवाजात, कारण एखादा शंभर यार्डांवरच झोपलेला असू शकतो आणि पहिल्याच झटक्यात मोठा आवाज केला तर तो उठून पळतो. मिनिटभराने कॉटनटेल सशाचं रडणं, एक-दोन मिनिटं वाजवून मिनिटभर गप्प, परत थोडं वाढवून. दहा-बारा मिनिटांनी एक लांब हाऊल. जानेवारीच्या शेवटी त्यांचा जोडीचा काळ सुरू झालेला असतो, इलाखा धरलेली जोडी परक्या कायोटीच्या आवाजाला सशापेक्षा जास्त चिडून येते. शेवटी दोन-तीन मिनिटं पिल्लाच्या दुखण्याचा आवाज. अठरा-वीस मिनिटात स्टँड संपला. शेवटची दोन मिनिटं पूर्ण शांततेत बसा, उशिरा येणारे तेव्हाच दिसतात. आणि गोळी चालली की लगेच पिल्लाचा आवाज लावा, उठू नका. जोडीतला दुसरा बऱ्याचदा थांबतो किंवा परत वळतो.

दिसल्यावर काय करायचं? काहीच नाही. तो पळत असेल, डोकं झुडपामागे गेलं असेल, तेव्हाच रायफल हलवायची. तो थांबून तुमच्याकडे बघत असेल तेव्हा पापणीसुद्धा नको. म्हणून रायफल आधीपासूनच स्टिक्सवर, म्हणजे टेकूच्या काठ्यांवर, तो येण्याची जास्त शक्यता असलेल्या बाजूला रोखलेली पाहिजे. मारायच्या अंतरात आला आणि थांबत नसेल तर तोंडाने एकदा "वूफ" करा, बहुतेक थबकतो, दोन सेकंद मिळतात. तो पूर्ण आडवा उभा असताना, खांद्याच्या लगेच मागे. समोरून, पळताना, गवतात अर्धा लपलेला असताना नवीन माणसाने गोळी चालवायची नाही. त्याच्या मागे काय आहे ते दिसत नसेल तर कोणीच चालवायची नाही. टेकाडावर आकाशाच्या रेषेत उभा असलेला कायोटी कितीही सुंदर दिसला तरी सोडून द्या, ती गोळी पुढे मैलोन् मैल जाते.

रायफल .२२३ रेमिंग्टन, ५५ ग्रेनची गोळी, २०० यार्डांवर झीरो, तुमच्यासाठी यापेक्षा जास्त काही लागत नाही. धक्का कमी, काडतूस स्वस्त, म्हणजे सराव भरपूर होतो. .२२-२५० आणि .२४३ पण चांगल्या, पण नव्या हाताला धक्का आणि आवाज दोन्ही जास्त. प्राण्याचं वजन १० ते १८ किलो, तो मोठा दिसतो केसांमुळे. जायच्या आधी रेंजवर बाकावरून नाही, जमिनीवर बसून स्टिक्सवरून सराव करा. बसून १५० यार्डांवर ताटलीएवढ्या निशाणावर दहापैकी दहा लागत नसतील तर स्वतःची मर्यादा शंभर यार्ड ठेवा. त्या झाडोऱ्यात बहुतेक संधी त्याच्या आतच मिळतात. कानाला संरक्षण प्रत्येक वेळी.

आता सगळ्यात महत्त्वाची काळजी. सॅन अँजेलोच्या पट्ट्यात बऱ्याच रँचवर मेंढ्यांबरोबर राखणीचे कुत्रे सोडलेले असतात, ग्रेट पिरेनीस, अनातोलियन, अकबाश किंवा त्यांचे मिश्र. हे कुत्रे माणसाजवळ येत नाहीत, कळपात राहतात, आणि तुमचा सशाचा किंवा हाऊलचा आवाज ऐकून तेही धावत येतात, कारण तेच त्यांचं काम आहे. पांढरा असेल तर प्रश्न नाही, पण अनातोलियन पिवळसर तपकिरी असतो आणि पहाटेच्या उजेडात गवतातून येताना घोटाळा होऊ शकतो. शेपटी बघा. कायोटी पळताना शेपटी खाली ठेवतो, हे कुत्रे बऱ्याचदा पाठीवर वळवून. कान बघा, कायोटीचे मोठे, टोकदार, उभे, यांचे पडलेले. काकांना विचारा किती कुत्रे आहेत, कुठल्या रंगाचे, शेजाऱ्याचे कुठले, आणि फोटो असतील तर तिघांच्या फोनवर घ्या. शंका असेल तर गोळी नाही. राखणीचा कुत्रा मारला तर त्या रँचवाल्याची त्या वर्षीची अर्धी कोकरं तुम्ही मारलीत असं समजा.

याच कारणाने पहिल्या ट्रिपला रात्रीची शिकार नको. थर्मल स्कोप, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणाऱ्या दुर्बिणी, आता सगळीकडे मिळतात, मित्र आग्रह करतील, कायद्यानेही चालतं, आणि कायोटी रात्री जास्त येतात हेही खरं. पण थर्मलमधे कुत्रा, कायोटी, वासरू, हरणाचं पाडस सगळे पांढरे डागच, आणि त्यांच्या मागे घर आहे की टेकडी ते दिसत नाही. ज्याला त्या रँचचा कोपरान् कोपरा माहीत आहे त्याने करावं.

अजून धोके. कुंपणाखालच्या खड्ड्यात फास लावलेला असू शकतो. काही रँचवर एम-४४ नावाचं उपकरण असू शकतं, जमिनीत रोवलेली बारकी नळी, वर वास लावलेलं कापड किंवा लोकर गुंडाळलेलं टोक, ते ओढलं की सायनाइड उडतं. आसपास धोक्याची पाटी असायला पाहिजे, पण पाटी पडलेलीही असू शकते. काकांना सरळ विचारा, "फास किंवा एम-४४ कुठे लावलेत का?" आणि जमिनीतून वर आलेल्या कुठल्याही नळीला हात लावू नका. स्वतःचा कुत्रा अजिबात नेऊ नका. साप थंडीत बिळात असतात, पण दुपारी ऊन तापलं की रॅटलस्नेक दगडावर येऊन बसतो, त्यामुळे हात आणि बूड टेकायच्या आधी बघायचं. फोनला रेंज नसते, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि रोज सकाळी काकांना किंवा काकूंना सांगून निघा की आज कुठल्या पाश्चरमधे आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येऊ.

पडलेल्या कायोटीकडे मागच्या बाजूने जा, रायफल तयार ठेवून, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघा. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. पिसवा, गोचीड, खरूज हे सगळं असतं, खरूज असलेल्याची शेपटी आणि मागचे पाय केस गळून राखाडी, जाड कातडीचे झालेले दिसतात. तो उग्र वास गाडीतून जात नाही, म्हणून पिकअपच्या मागच्या उघड्या भागात, प्लॅस्टिकवर. नर की मादी, कुठे, किती वाजता, कुठल्या दिशेने आला, हे वहीत लिहा आणि संध्याकाळी काकांना सांगा, त्यांना त्याचा उपयोग असतो. कातडीला या भागात फारसा भाव नाही, उत्तरेकडच्या दाट केसांच्या कायोटीला असतो. स्वतःसाठी ठेवायची असेल तर सोलायला कोणी शिकवेल ते बघा, नाहीतर काका सांगतील तिथे टाका, पाण्याच्या टँकापासून आणि ओढ्यापासून लांब.

तिन्ही दिवस हिशोबाने असं बघा: पहिली संध्याकाळ फिरणं आणि ऐकणं. दुसरा दिवस सकाळी तीन-चार स्टँड, दुपारी विश्रांती आणि पुढच्या जागा लांबून बघणं, शेवटच्या दोन तासात दोन. तिसरा दिवस वाऱ्याप्रमाणे उरलेल्या जागा, आणि कोकरांच्या पाश्चरच्या कडेची जागा सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या सकाळी. एकही मिळाला नाही असंही होतं, त्या पट्ट्यात मुळातच कायोटी दक्षिण टेक्साससारखे भरपूर नसतात. तरी कुंपणाखालचे सगळे रस्ते आणि हाऊलच्या दिशा तुम्ही नकाशावर मारून काकांना दिल्यात तर त्यांचं मोठं काम होतं, आणि बऱ्याचदा पुढच्या वर्षीचं बोलावणं त्यावरच येतं.

परत आल्यावर एक काम मात्र त्याच दिवशी करा. ट्रिपला वापरलेलं जॅकेट, पँट, बॅग, सगळे खिसे आणि शिवणीतले कोपरे उलटे करून झाडा. एखादं .२२३चं काडतूस अस्तरात राहतं, तीच बॅग दिवाळीला भारतात नेली जाते, आणि मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमधे सापडलं की एका काडतुसावरून शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, मग विसरलो म्हणून सांगून तिथल्या तिथे सुटका होत नाही. शिकारीची बॅग आणि प्रवासाची बॅग कायमच्या वेगळ्या ठेवा. आणि सुळे, कातडी, शेपूट यातलं काहीही गावाकडे दाखवायला म्हणून नेऊ नका.